एक हात खिशात

छंदांमध्येसुद्धा काही छंद खानदानी असतात आणि काही नसतात. एखादा निवृत्त गृहस्थ म्हणाला, की मी गुलाब लावतो, तर ऐकणारा लगेच एक कलम मागून ठेवतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी ज्ञानेश्वरीचे पारायण करतो, कुणी पहाटे उठून पर्वती चढतो. या साऱ्यांकडे समाज कौतुकाने पाहतो. मी मात्र "हेडफोनसाठी साडेतीनशे व्होल्टचा अँप्लिफायर घरी बांधतो आहे" असे म्हणालो, की समोरचा गृहस्थ आधी माझ्याकडे पाहतो, मग भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे पाहतो आणि शेवटी मोठ्या सहानुभूतीने आमच्या हिच्याकडे पाहतो.

त्या पाहण्यातला प्रश्न मला कळतो. हेडफोन म्हणजे मोबाइलला लावायची ती दोन बोंडे. त्यांना साडेतीनशे व्होल्ट कशाला? ही गोष्ट मी आजवर निदान वीस जणांना समजावून सांगितली असेल. एकविसाव्यांदा सांगायला मला जराही कंटाळा नाही. छंदिष्ट माणसाचा तो एक ठरलेला दोषच आहे.

साध्या हेडफोनमध्ये एक लोहचुंबक असतो, त्याच्याजवळ तारेचे वेटोळे असते आणि वेटोळ्याला चिकटलेला एक पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला, की ते पुढेमागे हलते, पडदा हलतो आणि कानाशी हवा हलते. एवढ्या कामाला एखाद-दोन व्होल्ट पुरतात. माझा हेडफोन मात्र वेगळ्या कुळातला आहे. त्यात लोहचुंबक नाही आणि वेटोळेही नाही. आपल्या घरातल्या पीठ चाळायच्या दोन चाळण्या समोरासमोर धरा आणि त्यांच्यामध्ये पापडाहूनही पातळ असा एक पडदा ताणून बसवा, झाला हेडफोन! फक्त चाळण्यांमधले अंतर जेमतेम मिलिमीटरभर, आणि पडदा एक-दोन मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाचे उभे तीस-चाळीस पापुद्रे काढता आले, तर त्यांतला एक या पडद्याच्या जवळपास जाईल.

लहानपणी आपण सर्वांनीच कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलले आहेत. हा हेडफोन त्याच जादूवर चालतो. पडद्यावर ५८० व्होल्टचा स्थिर विद्युतभार कायम ठेवलेला असतो. दोन्ही चाळण्यांवर गाणे येते, पण उलटसुलट: एकीवर दाब चढतो तेव्हा दुसरीवर उतरतो. मग एक चाळणी पडद्याला ओढते आणि दुसरी ढकलते. पडदा इतका हलका असतो, की त्याला स्वतःचे वजन म्हणून जवळजवळ नसतेच. आवाज सुरू झाला की तो सुरू होतो आणि थांबला की तिथल्या तिथे थांबतो. पण हे ओढणे-ढकलणे नुसत्या विद्युतभाराच्या जोरावर व्हायचे असल्यामुळे एक-दोन व्होल्टांनी त्याचे समाधान होत नाही. त्याला शेकड्यांनी व्होल्ट लागतात. प्रवाह मात्र अगदी नाममात्र. थोडक्यात, मोठा मान आणि लहान जेवण मागणारा हा पाहुणा आहे.

असा हेडफोन जपानच्या स्टॅक्स या कंपनीने १९६० साली प्रथम बाजारात आणला. आमच्या घरी आलेला त्याच कंपनीचा, पण पुष्कळ नंतरचा आणि कुणीतरी वापरून विकलेला. चिरंजीव नोकरीनिमित्त दोन वर्षे टोकियोला होते. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना तो दिसला आणि बापाची आठवण झाली. त्याच्याबरोबरचा अँप्लिफायर त्यांनी तिथेच ठेवला, कारण जपानात घरातली वीज १०० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० ची. "बाबा, अँप्लिफायर तुम्ही बांधा. नाहीतरी रिटायर झाल्यापासून तुम्ही आईच्या मिक्सरच्या मागे लागला आहात," असे ते म्हणाले. मुलगा चांगला निघाला याची खात्री बापाला अशा वेळी पटते.

घरी बसून असले उद्योग करणारा मी काही पहिला नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथानिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि अमेरिकेच्या आरमाराने ते विकत घेतले. हा दाखला मी घरात मोठ्या आवाजात वाचून दाखवला. त्यावर स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "त्याची बायको काय म्हणाली, ते लिहिलंय का त्यात?"

ते लिहिलेले नव्हते.

आमची ही काय म्हणाली, ते मात्र मी सांगू शकतो. मी कागदावर आकृती काढून चाळण्या, पडदा, व्होल्ट असे सगळे समजावून दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले,

"आणि हे कानाला लावायचं?"

"हो. पण त्यात प्रवाह इतका थोडा असतो, की..."

"अहो, पाचशे ऐंशी व्होल्ट कानाला लावायचे?"

मग ती उठली आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला निघून गेली.

त्या कपड्यांविषयी इथे थोडे सांगितले पाहिजे. आमच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. या अडतीस वर्षांत आम्ही तीन घरे बदलली, पण एकाही घरात कपडे वाळत घालायला तार बांधलेली नाही. आधी सुंभाची दोरी होती, आता नायलॉनची आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी बाजारातून जस्ताचा मुलामा दिलेली चांगली जाड तार आणली होती. तिने ती कोपऱ्यात ठेवून दिली आणि दोन दिवसांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. कारण मला पुढे तिच्या आईकडून कळले. तिचा मोठा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना गेला. कोकणात, भर आषाढात. घराच्या मागच्या पडवीत कपड्यांची तार होती आणि तिला कुठेतरी विजेची सोललेली वायर टेकली होती. पाऊस कोसळत होता. तो ओला टॉवेल तारेवर टाकायला गेला. ही तेव्हा बारा वर्षांची होती आणि पडवीच्या दारातच उभी होती.

याविषयी आमच्यात फारसे बोलणे कधी झाले नाही. ती ओल्या हाताने बटणाला हात लावत नाही. पाऊस लागला की गीझरचे बटण दोनदा तपासते. आणि दोरीवरच कपडे वाळत घालते. इतकेच. संसारात काही गोष्टी समजून घ्यायच्या असतात, उच्चारायच्या नसतात. म्हणून त्या दिवशी ती गच्चीवर गेली तेव्हा मी आकृतीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि हेडफोनचा खोका कपाटावर चढवला. नाही तर नाही. गाणी ऐकायला साधा हेडफोनही पुरतो.

तीन आठवडे खोका कपाटावरच होता. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "तुम्ही ते बांधा. पण माझ्या तीन अटी आहेत."

पहिली अट, घरात ती असल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. दुसरी, वीज चालू करायची ती तिने, आणि बंद करायची तीही तिने. तिसरी अट तिने थोडे थांबून सांगितली. "बंद केलं म्हणजे खरंच बंद झालं, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

मी चकितच झालो. या तीन अटी तिला कुणी शिकवल्या नव्हत्या, आणि तरी हा उद्योग करणाऱ्या जाणत्या माणसांचे जे नियम असतात, ते नेमके हेच! माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांचे दुकान होते. शाळा सुटली की मी त्यांच्या फळीवर जाऊन बसत असे. तो काळ व्हॉल्वच्या रेडिओचा. पाठ उघडलेल्या रेडिओत आतल्या आत दोन-अडीचशे व्होल्ट खेळत असत. काका चालू रेडिओत हात घालताना दुसरा हात आठवणीने लेंग्याच्या खिशात घालत. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाळ, दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातानं शिरून दुसऱ्या हातानं जाते, आणि वाटेत काळीज लागतं." आणि दुकानात दुसरे कुणी नसले, तर ते उघडा रेडिओ चालूच करत नसत. त्यांचा मुलगा डबा घेऊन येईपर्यंत विडी ओढत बसत.

अटी मान्य झाल्या आणि कामाला लागलो. पण कामाची सुरुवात अँप्लिफायरपासून झाली नाही. ती आमच्या घरापासून झाली. असली पेटी धातूची करायची आणि तो धातू जमिनीला जोडायचा, म्हणजे आत एखादी तार सुटून पेटीला लागली, तरी वीज माणसाकडे न जाता जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. आता भिंतीवरच्या सॉकेटला तिसरे भोक असते, पण जुन्या घरांत त्या भोकामागे तार असेलच अशी खात्री नसते. इलेक्ट्रिशियनने दिव्याचे एक टोक फेजला आणि दुसरे त्या तिसऱ्या भोकात लावून पाहिले. दिवा लागला नाही. आम्ही बावीस वर्षे त्या घरात राहत होतो!

मग अंगणात तुळशीपासून थोड्या अंतरावर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले आणि तिथून जाड तार घरात आणली. शिवाय मीटरपाशी एक ईएलसीबी बसवली. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ही डबी सतत करत असते. त्यात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे असे समजून, डोळ्याचे पाते लवायच्या आत ती घराची वीज तोडते. इलेक्ट्रिशियनने डबीवरचे तपासणीचे बटण दाबून दाखवले. खट् आवाज झाला आणि घर अंधारले. हिने त्याच्याकडून त्या डबीचे काम दोनदा समजावून घेतले. तो गेल्यावर ती तिच्यासमोर बराच वेळ उभी होती. ती काय मनात आणत होती, ते मला ठाऊक होते. त्या आषाढात, त्या खेड्यात, असली डबी कुठली असायला?

तेव्हापासून महिन्यातून एकदा ती ते बटण न चुकता दाबून पाहते. आणि उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालून झाले, की उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओतते, कारण जमीन कोरडी पडली तर ती वीज नीट घेत नाही, असे इलेक्ट्रिशियन तिला सांगून गेला आहे.

पण एक गोष्ट मी तिला प्रामाणिकपणे सांगितली. त्या डबीचा पहारा ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, म्हणजे माझ्या पेटीच्या आतल्या विजेवर तिची नजर पोचत नाही. तिथे फक्त माणसाने माणसाला सांभाळायचे असते.

"म्हणून तर अटी घातल्या," ती म्हणाली.

यानंतर खरेदी. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत जो माणूस कधी सुटे भाग शोधत हिंडलेला नाही, त्याला खरेदीतला आनंद कळलेला नाही असे माझे मत आहे. दोन हात रुंदीच्या दुकानात छतापर्यंत खोके रचलेले असतात, आणि तुम्ही मागितलेली वस्तू दुकानदार न पाहता हात वर करून काढतो. चारशे पन्नास व्होल्ट सोसणारे कंडेन्सर तिथे मिळाले, रेझिस्टन्स मिळाले, चिनी मातीचे व्हॉल्व-सॉकेट मिळाले. जे मिळाले नाही, त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर झाली. व्हॉल्व मात्र बाहेरचे घ्यावे लागले. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी आपल्या देशातल्या रेडिओंसाठी व्हॉल्व बनवले; आज ते जुन्या साठ्यातूनच कुठे हाती लागतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथे मात्र ते अजून तयार होतात. मी ईएल-३४ जातीचे चार आणि ईसीसी-८३ जातीचे दोन मागवले.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे एक वृद्ध कारागीर बुधवार पेठेतच भेटले. मी चिठ्ठी पुढे केली: २६०-०-२६०. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काका, हे स्टॅबिलायझरचं नव्हे. हे तर व्हॉल्ववाल्या सेटचं. किती वर्षांनी पाहिलं!"

मला काका म्हणणारे हे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे होते. पण दुकानात गिऱ्हाइकाचे वय दुकानदार ठरवतो. त्यांनी माझ्यासमोर गुंडाळायला घेतले. तारेच्या प्रत्येक थराखाली कागद, कागदाच्या कडा घडी घातलेल्या, म्हणजे वरच्या थराची तार घसरून खालच्या थराला भेटू नये. "दोनशे साठचे साडेतीनशेवर जाणार, माहिती आहे ना?" त्यांनी विचारले. मला माहीत होते. उलटसुलट वाहणारी वीज सरळ करून कंडेन्सरमध्ये भरली, की ती आपल्या लाटेच्या माथ्यापर्यंत चढते. जवळजवळ दीडपट होते. माझ्या पेटीत अशी अधिक साडेतीनशे आणि उणे साडेतीनशे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सातशे व्होल्टची मजल होती. पैसे घेताना ते म्हणाले, "घरात कुणी आहे ना सोबतीला?"

"आहे," मी म्हणालो.

पेटी बांधायला पावसाळ्याचे चार महिने लागले. जेवणाच्या टेबलावर जुनी सतरंजी पसरून बैठक मांडायची आणि पानं घ्यायच्या वेळेला उचलायची, असा क्रम होता. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोके पाडली, जुन्या सागवानी पाटाच्या दोन बाजू केल्या. सोल्डरिंग करताना राळेचा जो धूर निघतो, त्याचा वास मला धूपाइतका प्रिय आहे. घरातल्या इतरांना तो तितका प्रिय नाही, असे दिसून आले. ही दुपारचे निवडणे-टिपणे घेऊन समोर बसू लागली. ती तांदूळ निवडायची आणि मी तारा. काही दिवसांनी तिला रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे वाचता येऊ लागले. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे एक लाख ओहम, हे ती माझ्याआधी सांगायची, कारण तिची नजर माझ्याहून चांगली आहे.

तिच्या तिसऱ्या अटीने मात्र मला खरे काम दिले. 'बंद केलं म्हणजे बंद झालं' हे विजेच्या बाबतीत खरे नसते. कंडेन्सर म्हणजे विजेची घागर. नळ बंद केला म्हणून घागर रिकामी होत नाही. प्लग काढून टेबलावर ठेवलेल्या पेटीतला कंडेन्सरसुद्धा कितीतरी वेळ साडेतीनशे व्होल्ट उराशी धरून बसू शकतो, आणि बेसावध हाताला फेकून देऊ शकतो. त्यावर उपाय असा, की घागरीला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवायचे. मी प्रत्येक १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर एक-एक लाख ओहमचे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडले. त्यामुळे नुसत्या त्यांच्या वाटेने गळूनसुद्धा साधारण शंभर सेकंदांत साडेतीनशेचे अडीच व्होल्ट उरतात.

"पण ते मला दिसायला हवं," ती म्हणाली.

म्हणून निऑनचा एक छोटा लाल दिवा पेटीच्या दर्शनी बाजूला लावला आणि त्याचे नाते मुख्य बटणाशी न जोडता थेट कंडेन्सरशी जोडले. बटण बंद केले तरी तो दिवा जळत राहतो. आतली वीज ओसरत जाते तसा मंद होतो आणि साठेक व्होल्टांवर विझतो. तो विझल्यावर दोन मिनिटे थांबायचे, आणि मग मीटरची एक काडी पेटीला अडकवून दुसरी एका हाताने लावून आकडा पाहायचा. तो आकडा ती मोठ्याने वाचते. मगच माझा हात आत जातो, तोही एकच. मी पुष्कळ विकतची यंत्रे पाहिली आहेत. त्यांच्यावरचा दिवा वीज आत येते आहे, एवढेच सांगतो. वीज आत उरली आहे हे सांगणारा दिवा मी आमच्याच पेटीवर पाहतो. आणि ती कल्पना इंजिनिअरची नव्हे. पडवीच्या दारात उभ्या राहिलेल्या एका मुलीची आहे.

पेटी पहिल्यांदा चालू केली तो दिवस दसऱ्यानंतरचा रविवार होता. जुने मेकॅनिक नवे काम थेट विजेला लावत नसत; मध्ये एक साधा शंभर वॅटचा दिवा जोडत. आत कुठे तार तारेला भिडली असली, तर तो दिवा भक्कन पेटतो आणि सगळी वीज स्वतःच्या अंगावर घेतो. हल्ली एलईडीच्या दिवसांत तसला दिवा मिळवायलासुद्धा चार दुकाने फिरावी लागली. व्हॉल्व अजून बसवले नव्हते. मी पायात रबरी चपला घालून टेबलाशी उभा राहिलो, उजव्या हातात मीटरची काडी, डावा हात खिशात. ही भिंतीवरच्या बटणाशी. हात कोरडा असूनही तिने तो पदराला पुन्हा पुसला.

"करू?"

"कर."

दिवा क्षणभर उजळला आणि लगेच मावळत मावळत नुसती तांबूस तार उरली. कंडेन्सर भरले होते आणि आत कुठे भांडण नव्हते. पेटीवरचा निऑन लाल झाला. मी आकडे सांगत गेलो, अधिक तीनशे एक्कावन्न, उणे तीनशे अठ्ठेचाळीस, पाचशे ऐंशीच्या जागी पाचशे पंचाहत्तर, आणि ती ते किराणा मालाच्या वहीत लिहीत गेली. मग तिने बटण बंद केले. आम्ही दोघे काही न बोलता त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिलो. तो हळूहळू विझला. तिने सोडलेला श्वास मला टेबलापाशी ऐकू आला.

व्हॉल्व बसवून, तासभर तापवून, संध्याकाळी हेडफोन जोडला. पहिला मान अर्थात बटणवालीचा. तिने तो बांगडी भरून घ्यावी तसा, अंग चोरून, कानांवर घेतला. पाचशे ऐंशी व्होल्टांचे तिला मी पुन्हा समजावले, की ते ५० लाख ओहमच्या रेझिस्टन्समधून येतात, आणि चाळण्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेतही वीज अडवणारे रेझिस्टन्स आहेत. तिने मान हलवली, पण डोळे निऑनवर. मी एका जुन्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. तानपुरे सुरू झाले. तिचे डोळे निऑनवरून हलले. थोड्या वेळाने ती एकदम मागे वळली आणि दाराकडे पाहू लागली.

"काय झालं?"

"कुणी आलंय का? खोकल्याचा आवाज आला."

कुणी आले नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी त्या मैफलीत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेले कोणी गृहस्थ खोकले होते.

या हेडफोनचे वर्णन मी आजवर पुष्कळ शब्दांत केले. पण याहून चांगले वर्णन मला करता आलेले नाही. तो नवा सूर देत नाही. जे होते, ते सगळे ऐकवतो. गवयाने समेच्या आधी घेतलेला श्वास, तानपुऱ्याच्या जवारीचा कण न् कण, तबलजीने हातोडी सतरंजीवर ठेवली तो आवाजसुद्धा. गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात कर्ण्यासमोर गाऊन दिलेली ध्वनिमुद्रणे मी त्यावर ऐकली. त्या वेळी गाणे तबकडीवर उतरवायला विजेचा एक थेंबही लागत नसे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढी. एक व्होल्टही न वापरता टिपलेला तो आवाज ऐकायला मला सातशे व्होल्ट लागले, याची मौज वाटली. त्या खरखरीच्या पलीकडे एक माणूस उभा आहे, एवढे मात्र नक्की कळते.

माझ्या मित्रांचा एक आक्षेप आहे. ते म्हणतात, पूर्वी एका रेडिओभोवती अख्खा वाडा बसायचा. हेडफोन म्हणजे माणसाने माणसापासून कान मिटून घेणे. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कानांवर हेडफोन चढवला की मी घरात असून नसतो, ही तक्रार आमच्याकडेही नोंदली गेली आहे. पण मला राहून राहून गंमत वाटते ती दुसरीच. एकट्याने ऐकण्यासाठी याहून पक्के यंत्र नसेल. आणि नेमके हेच यंत्र एकट्याने बांधता येत नाही. एका हाताने काम करायचे आणि दुसरा खिशात ठेवायचा, तर बटणावर कुणाचा तरी तिसरा हात हवाच. गुलाब एकट्याने लावता येतात, तिकिटे एकट्याने जमवता येतात. माझ्या छंदाला मात्र घरात कुणीतरी जागे असावे लागते.

आणि भीतीविषयीही माझे मत थोडे बदलले आहे. भीती घालवायची असते, असे आपण मुलांना सांगतो. हिची भीती गेलेली नाही; जायचे कारणही नाही. पण ती भीती आता नुसती घरात बसून राहत नाही. ती अर्थिंगला पाणी घालते, महिन्याच्या महिन्याला डबीचे बटण दाबते, मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचते. शेजारच्या नव्या बिऱ्हाडाने गच्चीवर तार बांधली, तेव्हा ही त्यांच्याकडे गेली आणि आपल्या भावाची हकीकत तिने त्यांना सांगितली. अडतीस वर्षांत मी ती तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. तीही जिन्यात उभा राहून. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोरी होती.

आता दुपारी तासभर हेडफोन तिच्याकडे असतो आणि त्या तासात चहा मी करतो. दिवाळीला चिरंजीव यायचे आहेत, आणि येताना तसलाच आणखी एक जुना हेडफोन आणणार आहेत. पेटीला सॉकेट एकच आहे, पण पाच पिनांची सॉकेटे त्यांनी तेव्हाच दोन पाठवली होती. दुसरे माझ्या खणात पडून होते. परवा तिने खण आवरताना ते माझ्यासमोर आणून ठेवले.

"हे बसवायचं राहिलंय."

"त्यासाठी पेटी पुन्हा उघडावी लागेल."

"मग उघडा की," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत भिंतीपाशी गेली. "मी आहे बटणापाशी."